कोकणच्या पर्यटन नकाशावर दासगाव का नाही?



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. कोकणातली पाहायलाच हवीत अशी दहा गावे. दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड, गणपतीपुळे, तारकर्ली. सोबत फोटो ठरलेले : पांढरी वाळू, नारळाची रांग, मंदिराचा कळस, केळीच्या पानावर उकडीचे मोदक. मनमाडसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते फोटो पाहून जावेसे वाटणे साहजिक आहे. आमच्याकडे नळाला आठवडे-आठवडे पाणी येत नाही, वागदर्डी धरण भरले की तळाला गेले यावर अख्ख्या गावाचा मूड ठरतो. आम्हाला समुद्राचे वेड लागले तर त्यात नवल काय?

तेव्हा आमचा आक्षेप सहलीला नाही. आक्षेप यादीला आहे. ही यादी कोणी केली, कोणाच्या डोळ्यांनी केली, आणि त्यात कोणती गावे कधीच का येत नाहीत, हा प्रश्न आपण विचारत नाही. जे आले ते फॉरवर्ड करतो. आंबेडकरी म्हणवणाऱ्या तरुणाने निदान एवढे तरी तपासावे की ज्या किनाऱ्याने आपल्याला पहिली बंडखोर पिढी दिली, त्या किनाऱ्यावर आपण केवळ सेल्फी काढायला जातो की काय.

दासगावपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकले आहे? महाडच्या अलीकडे, सावित्री नदीच्या काठावर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेले हे गाव. गाडीतून जाताना दोन मिनिटांत मागे पडते. पण एके काळी हे बंदर होते. समुद्रातून बाणकोटच्या खाडीत शिरायचे आणि सावित्रीने वर चढत इथवर यायचे. रेल्वे नव्हती, रस्ते धड नव्हते, तेव्हा या भागातला माणूस, माल आणि पत्र यांची वाट पाण्यावरूनच जात होती.

डिसेंबर १९२७. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले होते आणि त्याबद्दल आपल्या लोकांनी लाठ्याही खाल्ल्या होत्या. मार्चच्या त्या परिषदेत पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. टँकरला पैसे मोजणाऱ्या मनमाडकराला चाळीस रुपयांचे पाणी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि १९२७ सालचे चाळीस रुपये होते ते. तळे नगरपालिकेचे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झालेला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला. कागद दोन्हीकडे तयार होता आणि माणूस तहानलेला होता.

डिसेंबरच्या सत्याग्रहासाठी मुंबईहून निघताना एक साधा, व्यावहारिक प्रश्न होता : जायचे कसे? नेहमीची वाट म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने महाड. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर? धरमतर ते महाड ही काही पायी जायची वाट नव्हे. म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. इथून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पाय आपले आहेत. २५ डिसेंबरला दासगावच्या धक्क्यावर उतरलेले सत्याग्रही घोषणा देत महाडच्या दिशेने चालत गेले आणि त्याच दिवशी रात्री मनुस्मृती जळाली.

हे आम्ही तपशिलात सांगतो आहोत, कारण या एका निर्णयात आंदोलन कसे उभे राहते याचे सगळे धडे आहेत. बहिष्कार होणार हे आधीच गृहीत धरलेले. शत्रूच्या मेहेरबानीवर अवलंबून राहणारी वाट टाळलेली. महाडात मांडवाला जागा कोणी देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. आणि स्थानिक पातळीवर हे सगळे शक्य करणाऱ्यांत दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे होते. कॉम्रेड आर. बी. मोरे. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले म्हणून आपल्याकडचे काही लोक त्यांचे नाव घेताना अडखळतात. आम्हाला हा करंटेपणा वाटतो. महाडच्या पायाभरणीत ज्याचा हात होता त्याचे नाव पक्षाच्या रंगावरून गाळायचे नसते.

आता सांगा, कोणत्या 'निसर्गरम्य कोकण' यादीत दासगाव आहे? नदी आहे, खाडीचे रुंद होत जाणारे पाणी आहे, पलीकडे डोंगर आहेत. देखावा कमी नाही. जवळच महामार्गाच्या कडेला गांधारपाले लेणी आहेत, सुमारे तीस लहानमोठी लेणी, पावसाळ्यानंतर हिरव्या डोंगरात अशी उठून दिसतात की गाडी थांबवावीच लागते. पण ना तिथे प्रसिद्ध देऊळ ना पांढरी वाळू, म्हणून ते 'पॉइंट' होत नाही. आणि आपण? आपण २० मार्चला, २५ डिसेंबरला बस भरून महाडला जातो, क्रांतिस्तंभाला आणि तळ्याला वंदन करतो, पुस्तकांच्या आणि कॅसेटच्या (हल्ली पेनड्राइव्हच्या) स्टॉलवर थांबतो, आणि रात्री परत फिरतो. पाच मैलांवर ते बंदर आहे. तिकडे एकही बस वळत नाही.

इथे समाजशास्त्राचा एक मुद्दा येतो, तो थोडक्यात मांडतो. अस्पृश्यांच्या चळवळीची पहिली माणसे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांच्या या पट्ट्यातून एवढ्या संख्येने का निघाली? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ. काहीजण म्हणतात, समुद्र माणसाला मोकळा करतो. आम्हाला हे पटत नाही. समुद्राने कोणाची जात घालवलेली नाही. किनाऱ्यावरच्या गावांत विटाळ तेवढाच कडक होता. फरक दोन गोष्टींनी पडला : फौज आणि बोट. इंग्रजांच्या मुंबई फौजेत या पट्ट्यातले महार मोठ्या संख्येने भरती झाले. फौजेने पगार दिला, पेन्शन दिली आणि लिहायला-वाचायला शिकवले. दापोलीला लष्करी छावणी होती, आजही लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात, आणि पेन्शनर शिपायांची वस्ती तिथे झाली. रामजींचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिण्याइतकी शिकलेली माणसे याच पट्ट्यात तयार होती. दुसरी गोष्ट बोट. खोताच्या जाचातून पळायचे तर मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या होत्या आणि तिथे नेणारी बोट स्वस्त होती. मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला निजामाच्या हद्दीतून बाहेर पडणे जितके अवघड होते, तितके कोकणातल्या माणसाला मुंबई गाठणे अवघड नव्हते. म्हणजे बंदर हे आपल्यासाठी सौंदर्यस्थळ नव्हते. ती निसटायची वाट होती.

आता दाभोळला चला. वासिष्ठी नदीच्या मुखावरचे हे जुने बंदर. बहामनी आणि आदिलशाही काळात मक्केला जाणारी जहाजे आणि घोड्यांचा व्यापार यांनी गजबजलेले. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी पुन्हा उभे राहिले. खाडीकाठची सोळाव्या शतकातली काळ्या दगडाची मशीद अजून आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते, त्यात माणसांसोबत मोटारीही चढतात. संध्याकाळी खाडीवर ऊन तिरके पडते तेव्हा त्या बोटीतून दिसणारे दृश्य खरोखरच देखणे आहे, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. (एन्रॉनच्या वेळी हेच नाव जगभर गाजले. गंमत म्हणजे तो प्रकल्प दाभोळात नव्हताच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला होता.)

पण त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर आंबेडकरी माणसाला दुसरे काहीतरी दिसले पाहिजे. रमाईचे वडील भिकू धुत्रे याच दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात वाहून नेत. रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावातला. घरात दारिद्र्य, आई लवकर गेली, मग वडीलही गेले, आणि लहान भावंडांसह ही मुलगी नातेवाइकांसोबत मुंबईला भायखळ्याला आली. १९०६ मध्ये तिचे लग्न भायखळ्याच्या बाजारातच झाले, दिवसभराचा बाजार उठल्यावर, रात्री. बंदरातून बाजारात ओझे वाहणाऱ्याची लेक बाजाराच्या छपराखाली बोहल्यावर चढली. आपली गाणी रमाईच्या त्यागावर भरभरून बोलतात, शेणाच्या गोवऱ्यांवर बोलतात. तिच्या बापाच्या डोक्यावरच्या टोपलीवर कोणी बोलत नाही. ओल्या माशांची टोपली डोक्यावर घेऊन चढण चढताना मानेवरून पाणी गळते, वास अंगाला चिकटतो, आणि मासे नासायच्या आत बाजार गाठावा लागतो. हे श्रम कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत नाहीत. पण 'ताजी मासळी' ही जाहिरात जिथे जिथे दिसेल, तिथे ती टोपली आपल्याला आठवली पाहिजे.

हर्णैला ती अजून दिसते. दापोलीपासून जवळच. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्या, आणि किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव. बैलगाड्या, बर्फ, ओरडा, कोळणींचा हिशोब. तिथे जाऊन फक्त फोटो काढू नका. बोली कशी लागते बघा, दलाल कोण, टोपली वाहणारे कोण, बर्फ फोडणारे कोण हे विचारा. मोठ्या यांत्रिक बोटी आणि लाईट लावून केलेली मासेमारी यामुळे छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला काय उरते तेही विचारा. १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी आपल्या मनमाडमध्ये, जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते भाषण रेल्वे कामगारांपुढे झाले म्हणून रुळांपुरते नाही. हर्णैच्या वाळूवर अर्धा तास उभे राहिलात तर दोन्ही शत्रू चालताबोलता दिसतील.

आता आमच्या मित्रांचा एक आक्षेप. गावोगाव अत्याचार चालू आहेत, शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, भरती होत नाही, आणि तुम्ही समुद्र बघायला जा म्हणता? फिरणे ही ज्यांचे पोट भरले आहे त्यांची चैन.

या आक्षेपाला उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. सगळे जमले आपल्या नाशिकला. येवल्याची घोषणा व्हायला अजून वर्ष होते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, आणि त्या धामधुमीत ते सहलीला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. धुळीने माखलेले हातपाय हौदाच्या पाण्याने धुतले म्हणून तिथे गोंधळ झाला, तळे बाटवले म्हणून शिव्या पडल्या. ओरडणारे तिथे मुसलमान होते. महाडला जागा देणारेही मुसलमान होते. जात कशी सगळीकडे झिरपते आणि माणुसकी कुठे भेटते, हे दोन्ही प्रवासातच कळते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी सांगितलेले अनुभव पाहा : कोरेगावला वडिलांकडे निघालेली लहान मुले, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. ते सगळे प्रवासातले अनुभव आहेत. कारण ओळखीच्या वस्तीतून बाहेर पाऊल टाकले की जात लगेच तिकीट मागायला येते. म्हणून मोकळेपणाने फिरणे ही आपल्यासाठी चैन नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई केली आहे ती उगाच नाही. ज्याने ते लिहिण्यात पुढाकार घेतला त्याला यातल्या प्रत्येक शब्दाचा अनुभव होता.

आणि तो अनुभव संपलेला नाही. किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव लिहीत नाही) आमच्या कार्यकर्त्यांनी घरगुती निवासासाठी फोन केला. खोल्या होत्या. दर ठरला. मग पलीकडून गोड आवाजात विचारणा झाली, 'आडनाव काय म्हणालात?' आडनाव सांगितल्यावर 'घरच्यांना विचारून कळवते' असे उत्तर आले आणि फोन पुन्हा आला नाही. हे सिद्ध करता येणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. खोली खरोखर भरली असेल, असे म्हणणारेही भेटतील. पण आपल्यापैकी ज्याने बाहेर खोली शोधली आहे, शिक्षणासाठी असो की सहलीसाठी, त्याला तो गोड आवाज ओळखता येतो. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी जेवणापुरती असेल तर ज्याची त्याची आवड. ती माणसे गाळायची चाळणी होते तेव्हा तो अन्नाचा प्रश्न राहत नाही.

याच्याही खाली जमीन आहे. किनाऱ्याच्या गावांत बौद्धवाडी कुठे असते, हे पाहत चला. बहुतेक ठिकाणी ती समुद्राकडे तोंड करून नसते; आत, डोंगराच्या बाजूला, पाण्यापासून लांब असते. कारण खोती. गावचा खोत सारा वसूल करायचा, कुळाकडून धान्य घ्यायचा, वेठ घ्यायचा, आणि जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क नसायचा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळच्या चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसता संप चालवला, उपाशी राहिले, आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यात आगरी होते, कुणबी होते, महार होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईला विधानसभेवर चालून गेले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पण ज्याच्या नावावर समुद्रासमोरची वाडी राहिली, त्याच्याच नातवाचे आज 'सी व्ह्यू' होमस्टे आहे. ज्याच्या आजोबाकडे काही नव्हते तो नातू त्या होमस्टेत भांडी घासतो किंवा मुंबईत, सुरतेत, पुण्यात नोकरी करतो आणि शिमग्याला, बुद्ध जयंतीला गावी येतो. पर्यटनाने कोकणात पैसा आला हे खरे आहे. तो कोणाच्या ओसरीवर उतरला हे पाहायचे असेल तर सातबारा पाहावा.

तेव्हा चरीलाही जा. अलिबागचा किनारा, रेवदंडा, चौल पाहायला सगळे जातात. चरी त्याच परिसरात आहे. तिथे पाहण्यासारखे म्हणाल तर शेत आहे. पण त्या शेतात सहा वर्षे नांगर लागला नाही हे माहीत असलेल्याला ते कोणत्याही किल्ल्यापेक्षा कमी नाही.

बौद्ध म्हणून या किनाऱ्याशी असलेले नाते त्याहूनही जुने आहे. नालासोपारा आज लोकलच्या गर्दीचे गाव म्हणून ओळखले जाते. ते प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच सापडला. सम्राट अशोकाचा शब्द महाराष्ट्राच्या बंदरात दगडावर कोरला गेला होता. आणि त्या बंदराचा उल्लेख आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात आहे. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख वाचा : शूर्पारकात त्याने बांधलेल्या धर्मशाळा, आणि डहाणूसकट अनेक नद्यांवर लोकांना पैसे न घेता पलीकडे पोचवणाऱ्या नावा. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंची दानेही आहेत, ती लपवायचे कारण नाही. राजघराण्यातला माणूस होता, सगळ्यांना धरून होता. पण दोन हजार वर्षांपूर्वी, समुद्रापासून एवढ्या आत, डोंगरातल्या भिक्खूंच्या लेण्यात, नदी उतरण्याचे भाडे माफ केल्याचे कोरावेसे वाटले. आपण त्या लेण्यांना अजून 'पांडवलेणी' म्हणतो. निदान आपण तरी म्हणू नये.

रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात कुडा लेणी आहेत, राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून बसलेली सव्वीस लेणी. खाली मांदाड, ग्रीक प्रवाशांनी नोंदवलेले मांदागोरा ते हेच असे अभ्यासक मानतात. तिथल्या दानलेखांत महाभोज सरदारांची नावे आहेत तशीच लोखंडाच्या व्यापाऱ्याची आणि माळ्याचीही आहेत. फुले विकणाऱ्या माणसाच्या दानाला डोंगरात जागा मिळाली! मुरुड-जंजिरा पाहायला दरवर्षी लाखो माणसे येतात, त्यातली फारच थोडी कुड्याकडे वळतात. आणि दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी : कोटजाई नदीकाठी एकोणतीस लेणी, सुरुवात हीनयान भिक्खूंची, पुढे वज्रयानाची, आणि शेवटी शैव-नाथांनी ताबा घेतलेली. एका ओळीत चालत गेलात तर धम्माचा उदय, त्याचे तंत्रमार्गाकडे झुकणे आणि त्याची जागा दुसऱ्याने घेणे, हे सगळे पायांखालून जाते. आपल्या अभ्यासवर्गात हे समजावताना दोन तास जातात, आणि तरी मुले जांभया देतात.

आता थोडे आपल्याच लोकांविषयी. २५ डिसेंबरला महाडात डीजेच्या भिंती, रस्त्यावर पडलेल्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या हे बरोबर नाही, हे बोलायला आपण का कचरतो? शिवाय समुद्र. आपल्याकडच्या पोरांना विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येईल असे वाटते. दरवर्षी घाटावरची, देशावरची तरुण मुले कोकणच्या किनाऱ्यावर बुडतात. ओहोटीच्या वेळी पाण्यात जाऊ नका, भरतीची वेळ कोळ्याला विचारा, आणि दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला मारून बाहेर काढा. पावसाळ्यात तर जाऊच नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बस गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले आणि तळीये गावावर डोंगर कोसळला. ते हिरवे डोंगर फोटोत छान दिसतात.

राहायचे कुठे, खायचे कुठे? आमचे मत स्पष्ट आहे : आपला पैसा ज्यांच्या ओसरीवर आजवर उतरला नाही त्यांच्याकडे उतरवा. कोळीवाड्यात जेवण सांगा. दाभोळ, बाणकोट, हर्णैच्या मोहल्ल्यात खाणावळी आहेत. आणि बहुतेक गावांच्या बौद्धवाडीत विहार आहे, त्याच्या मंडळाचे मुंबईकर पदाधिकारी आहेत. आधी निरोप दिला तर वीस माणसांची झोपायची सोय आणि भाकरी-कालवण होऊ शकते. त्याचे पैसे द्या, फुकट खाऊ नका. पाहुणचाराच्या नावाखाली गरीब वाडीवर वीस माणसे लादणे म्हणजे नवी वेठ. वाडीतल्या पोरांशी बसा. त्यांच्या गावात समुद्रालगत जागा कोणाच्या नावावर आहे, विहारापर्यंत रस्ता आहे का, मासळीच्या बाजारात त्यांच्या आयांना बसायला जागा मिळते का, हे लिहून आणा. एमएच्या प्रबंधाला विषय शोधत फिरणाऱ्या मुलांनी तर हे जरूर करावे. ग्रंथालयात हा मजकूर मिळणार नाही.

मनमाडकरांसाठी वाट अशी. इथून गाडीने कल्याण किंवा दादर, तिथून दिवा-पनवेलमार्गे कोकण रेल्वे. कोकण रेल्वे नावाप्रमाणे समुद्राकाठून जाते असा समज असेल तर काढून टाका, ती आतल्या डोंगरांतून जाते. महाड-दासगावसाठी वीर स्टेशन, दापोली-दाभोळसाठी खेड, पुढे एसटी. चार दिवस हाताशी असले तर पहिला दिवस दासगाव, महाड, गांधारपाले. दुसऱ्या दिवशी आंबडवे आणि बाणकोट, जिथे इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. तिसऱ्या दिवशी वणंद, दाभोळ आणि संध्याकाळी हर्णैचा लिलाव. चौथ्या दिवशी पन्हाळेकाजी आणि परत. कुडा आणि चरी वेगळ्या फेरीत बसवा. सोपाऱ्याला तर मुंबईला कामासाठी गेलात की त्याच दिवशी जाऊन येता येते.

आमच्या मंडळात सध्या यावरून वाद चालू आहे की हे सगळे २५ डिसेंबरला जोडून करायचे की गर्दी टाळून जानेवारीत. जुन्या कार्यकर्त्यांना गर्दीतच जायचे आहे, वर्षातून एकदा ओळखीचे चेहरे भेटतात म्हणून. तरुणांना गर्दी नको आहे. आमचे म्हणणे दोघांनाही सोयीचे नाही : २५ डिसेंबरलाच जायचे, पण महाडच्या स्टँडवर उतरायचे नाही. वीरला उतरायचे, दासगावच्या जुन्या बंदरावर जायचे, आणि तिथून महाडपर्यंत पाच मैल चालायचे. महामार्गावर ट्रक असतात, म्हणून कडेने, एका रांगेत, सकाळी लवकर निघायचे. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपली घ्यायची.